रोज लष्कर-थाटीपूर आणि थंडीत बुद्ध सर्किट, एकाच टायरच्या सेटात भागतं का?

प्रश्न विचारणारा मुलगा ग्वाल्हेरचाच आहे. गाडी फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी १.५, कंपनीचे २०५/५५ आर १६ टायर, म्हणजे २०५ मिमी रुंद, बाजूची भिंत रुंदीच्या ५५ टक्के आणि रिम १६ इंची, आता संपत आलेत, रोजचं येणंजाणं शहरातच थाटीपूर ते लष्कर, अधूनमधून आग्रा-दिल्ली, आणि थंडीत दोन ट्रॅक डे, म्हणजे स्वतःची गाडी रेस ट्रॅकवर पळवायचे दिवस, ते पण ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, स्वतःच गाडी चालवत जायचं आणि चालवत यायचं. विचारतोय की काका, २०० ट्रेडवेअरवाले सेमी-स्लिक, म्हणजे ट्रॅकसाठीचे कमी खाचांचे चिकट टायर, घेऊ का, की १७ इंची अलॉय टाकून रुंद टायर बसवू, की सरळ दोन सेट करू.

माझं काम टायर आणि अलाइनमेंटचंच, आणि थंडीत इकडच्या गाड्या बुद्धला जातात तेव्हा मी हवेचं गेज आणि पायरोमीटर, म्हणजे टायरचं तापमान मोजायचं यंत्र, घेऊन पिटमधे, ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे, उभा असतो, त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो आणि मग कारणं सांगतो, कारणं जास्त कामाची आहेत. बेटा, एकच सेट घे, १६ इंचीच ठेव, चांगल्या कंपनीचा रस्त्यावरचा परफॉर्मन्स टायर घे ज्याचा ट्रेडवेअर ३०० च्या आसपास आहे, चारही एकसारखे घे, आणि अलॉयचे जे पैसे वाचतील ते ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, अलाइनमेंट आणि एका चांगल्या प्रेशर गेजवर लाव. टायर ट्रॅकसाठी निवडायचा नसतो, ट्रॅकवरून घरी यायच्या रस्त्यासाठी निवडायचा असतो. माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीवर आहे.

आता बघ, ट्रॅक डेला तू खरा किती वेळ ट्रॅकवर असतोस? पंधरा-वीस मिनिटांची तीन-चार सेशन्स, बस, म्हणजे सगळं मिळून तास-सव्वातास. आणि त्यासाठी इकडून तीनशेच्या आसपास किमी जाणं आणि तेवढंच येणं. येताना संध्याकाळ झालेली असते, तू थकलेला असतोस, टायर दिवसभर तापून गार झालेला असतो, बाहेरचा खांदा, म्हणजे ट्रेडची बाहेरची कड, थोडा झिजलेला असतो, आणि समोर १६५ किमी यमुना एक्सप्रेसवे, पूर्ण काँक्रीट. डिसेंबर-जानेवारीत तिथे धुकं असं पडतं की कारची मर्यादा १०० वरून ७५ वर आणतात. मग आग्र्याच्या पुढे धौलपूर, चंबळ, मुरैना, बानमोर, ट्रकांची रांग, मधेच कुणीतरी विना लाइट ट्रॉली घेऊन उलट्या बाजूने येतो. ट्रॅकवर टायर सुटला तर गाडी थांबायला रनऑफची मोकळी जागा आहे, मार्शल आहे, अँब्युलन्स उभी आहे. चंबळच्या पुलावर यातलं काही नाही. म्हणून मी नेहमी विचारतो की रात्री आठ वाजता धौलपूरच्या पुढे पाऊस लागला तर हा टायर चालेल का, आणि उत्तर हो असेल तरच पुढे त्याचा लॅप टाइम विचारायचा.

आता ते २०० ट्रेडवेअरचं प्रकरण. मुलं हा आकडा असा सांगतात जसा काही तो ग्रिपचा मार्क आहे, तसं नाहीये. तो झिजेचा आकडा आहे, अमेरिकेतली पद्धत आहे, टेक्ससमधे एका ठरलेल्या रस्त्यावर एकूण ७,२०० मैल म्हणजे साधारण ११,६०० किमी टायर पळवतात आणि एका संदर्भ टायरशी तुलना करतात, संदर्भ म्हणजे १००, तेव्हा २०० चा टायर त्याच्या दुप्पट टिकायला हवा. पण आकडा शेवटी कंपनी स्वतःच जाहीर करते, त्यामुळे एका कंपनीचा २०० आणि दुसऱ्या कंपनीचा २०० यांची तुलना धरून चालू नकोस. आणि २०० च का एवढा गाजला, तर तिकडच्या ऑटोक्रॉसच्या, म्हणजे शंकू मांडून घड्याळाविरुद्ध चालवायच्या स्पर्धांच्या, क्लासेसमधे नियम होता की स्ट्रीट टायर कमीत कमी २०० चा हवा, मग कंपन्यांनी जेवढा चिकट टायर बनवता येईल तेवढा बनवून त्यावर २०० छापायला सुरुवात केली. योकोहामा ॲडव्हान ए०५२ किंवा ब्रिजस्टोन पोटेन्झा आरई-७१आरएस हे असे टायर, नाव स्ट्रीटचं पण जीव ट्रॅकचा. टोयो आर८८८आर तर १०० चा आहे. दुसऱ्या टोकाला मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस, त्याच्यावर ३०० लिहिलेलं असतं, आणि तो ट्रॅकवर दिवसभर बऱ्यापैकी मार खातो आणि रात्री पावसात घरी पण आणतो. या जातीचा टायर तुला हवाय.

रबर कसं काम करतं ते एकदा समजून घे म्हणजे पुढचं सगळं आपोआप सुटतं. टायर रस्त्याला दोन प्रकारे धरतो, एक तर रबर डांबराच्या बारीक खडबडीत भागात दबून बसतं आणि तिथून सुटताना ऊर्जा खातं, आणि दुसरं म्हणजे प्रत्यक्ष चिकटणं. दोन्ही तापमानावर अवलंबून. रस्त्याचा परफॉर्मन्स टायर गारव्यापासून साधारण ८०-९० डिग्रीपर्यंत ठीक चालतो, त्याच्या वर गेला की तेलकट वाटायला लागतो, स्टिअरिंगला पकड पातळ होते. सेमी-स्लिकचं उलट, तो ८०-१०० मधे खरा जागा होतो आणि थंड असताना काहीच देत नाही. आता आपल्याकडचं जानेवारी बघ, सकाळी पारा ५ वर असतो, तू पहाटे निघणार, पहिले पंधरा-वीस किमी टायर थंडगार, आणि बाहेर धुक्याने रस्ता ओला. साधा समर टायर पण ७ डिग्रीच्या खाली थोडा कडक होतोच, पण सेमी-स्लिक तर प्लास्टिक होतो. रस्त्याच्या वेगाला तो तापतच नाही, म्हणजे ज्या ग्रिपचे तू जास्त पैसे दिलेस ती तुला वर्षातल्या त्या दोन दिवसातच मिळणार. आणि मे-जूनमधे उलट, बाहेर ४५, काँक्रीट त्याहून तापलेलं, तिथे मऊ रबर नुसतं सरळ रस्त्यावर चालून झिजतं.

पाण्याचं तर विचारूच नकोस. सेमी-स्लिकमधे खाचा कमी, नवा असतानाच खोली कमी, आणि थोडा झिजला की पाणी जायला जागाच उरत नाही. रस्त्याच्या परफॉर्मन्स टायरमधे चार मोठ्या सरळ खाचा असतात आणि रबरात सिलिका भरपूर असते, ओल्यात पकड त्यामुळे येते. नवा टायर ८ मिमीच्या आसपास असतो. कायदा १.६ मिमीपर्यंत चालवू देतो, पण ओल्या हायवेवर ३ मिमीच्या खाली मी स्वतःच्या घरच्यांना बसू देणार नाही. आणि टायर पाण्यावर कधी तरंगायला लागतो याचा एक जुना ठोकताळा आहे, विमानांच्या टायरवरून काढलेला, पीएसआयमधल्या प्रेशरचं वर्गमूळ घे आणि साधारण १६.७ ने गुण, तो वेग ताशी किमीमधे. ३३ पीएसआयला ९५ च्या आसपास येतो, २८ ला ८८. हे साचलेल्या खोल पाण्यासाठी आहे जिथे खाचा पुऱ्या पडत नाहीत, पण दिशा बरोबर दाखवतो, प्रेशर कमी म्हणजे गाडी लवकर तरंगणार. हे २८ लक्षात ठेव, पुढे येतंय.

अजून एक कारण आहे आणि ते नवीन मुलांना पटायला वेळ लागतो. चांगला रस्त्याचा टायर सुटायच्या आधी सांगतो. आधी बारीक कुरकुर, मग ओरडणं, मग हळूहळू रुंद जाणं. बुद्धच्या दहाव्या-अकराव्या त्या लांबलचक उजव्या वळणात तू आतून ऐकू शकतोस की पुढचा डावा टायर आता किती उरलाय, आणि पाय किंचित उचलला की तो परत धरतो. चिकट टायर शेवटपर्यंत गप्प असतो, आणि सुटतो तेव्हा तुझा वेग जास्त असतो. ज्याचा हात अजून बसायचाय त्याने बोलणाऱ्या टायरवर शिकावं, वळणातून जायची लाइन काय, ब्रेक कुठे सोडायचा, स्टिअरिंग किती कमी फिरवायचं. आमच्याकडचे जे आज खरंच चांगले चालवतात ते सगळे बरीच वर्षं साध्या टायरवर होते. चिकट टायर चुका झाकतो, आणि त्याच चुका मग ओल्या रस्त्यावर साध्या गाडीत उघड्या पडतात.

मिळण्याचा प्रश्न वेगळाच. जून २०२० मधे परदेशी नवीन टायरच्या आयातीवर सरकारने बंधन आणलं, लायसन्सशिवाय येत नाहीत, आणि इथे विकायच्या टायरवर आयएसआय मार्क लागतोच. त्यामुळे व्हिडिओत बघून ठरवलेला टायर आपल्या साइजमधे सरळ मार्गाने मिळेलच असं नाही, आणि जो आडमार्गाने मिळतो तो किती वर्षं कुठल्या गोदामात पडला होता देव जाणे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. चिकट रबर पडून पण म्हातारं होतं. दुकानदाराला फोनवरच हे आकडे वाचायला सांग, आणि चारही टायरचे सांग, नुसत्या एकाचे नाही. पायलट स्पोर्ट, ईगल एफ१, पोटेन्झा, ॲडव्हान, अल्ट्राक, या घराण्यांमधलं जे तुझ्या साइजमधे ताजं मिळेल ते बघ, दोन चांगल्या टायरमधला फरक तुझ्या हाताला नाही कळणार पण ताज्या आणि चार वर्षं जुन्या टायरमधला कळेल. लोड ९१ किंवा वरचं हवं, ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, आणि वेगाचं अक्षर व्ही किंवा वर, व्ही म्हणजे ताशी २४० किमी, डब्ल्यू २७०. बुद्धच्या मागच्या सरळ रस्त्यावर, एक किमीच्या वर लांब आहे तो, तू १८० च्या आसपास जाशील, मग २४० कशाला असं वाटेल, पण ते अक्षर उष्णता सहन करायचं पण माप आहे, व्हीच्या खालचं एच घेऊन ट्रॅकवर जायचं नाही.

१७ इंचीचा हट्ट सोड. हिशोब करून दाखवतो. २०५/५५ आर १६ ची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, जवळपास ११३ मिमी, २१५/४५ आर १७ ची ९७. म्हणजे १६ मिमी उशी गेली, आणि आपल्याकडचे खड्डे, ते अमृत योजनेचं खोदकाम, थाटीपूरच्या गल्ल्यातले स्पीड ब्रेकर तू रोज बघतोस. माझ्याकडे पावसाळ्यात फुगा आलेले जे टायर येतात ते बहुतेक मोठ्या अलॉयवाल्यांचेच असतात, साइडवॉलमधले धागे खड्ड्याच्या कडेला रिमवर चिरडून तुटतात आणि तिथे हवा बाहेर येऊन गाठ दिसते. तसा टायर घेऊन ट्रॅकवर जाणं म्हणजे जिवाशी खेळ. वरून मोठं चाक जड असतं, वजन परिघाकडे सरकतं, ब्रेक आणि सस्पेन्शन दोघांनाही जास्त काम. रुंदीचं पण तसंच, कंपनीच्या रिमवर २२५ कोंबला तर साइडवॉल आत वाकते आणि वळणात टायर डुलतो, रुंद टायरला रुंद रिम लागते, नाहीतर २०५ च बरा.

आता प्रेशर. खरा खेळ इथे आहे आणि याच्यावर कुणी लक्ष देत नाही. हवा तापली की प्रेशर वाढतं, आपल्या टायरमधे साधारण दर ६ डिग्रीला १ पीएसआय धर. सकाळी थंडीत ३० ने निघालास तर तीन-चार लॅपमधे ३६-३७ होतं. ३३-३४ ने निघालास, म्हणजे दारावरच्या स्टिकरच्या आसपास, तर ४० च्या वर जातं, टायर मधून फुगतो, जमिनीला लागणारा भाग कमी होतो आणि तू म्हणतोस की टायर तेलकट झाला. म्हणून पुढच्या चाकांना ड्राइव्ह असलेल्या गाडीला आपण गरम असताना ३६ च्या आसपास धरतो, सेशन संपल्या संपल्या पिटमधे येऊन लगेच मोजायचं, चहा पिऊन नाही, तोवर ते उतरतं. आकडा नेमका किती ते गाडीच सांगते. त्यासाठी खडू घे, साधा शाळेतला, आणि टायरच्या खांद्यावर, जिथे ट्रेड संपून साइडवॉल सुरू होते तिथे, तीन ठिकाणी आडवी जाड रेघ मार, तिथे बहुतेक टायरवर एक बारीक त्रिकोण पण असतो. सेशननंतर बघ खडू कुठपर्यंत पुसला गेला. त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसला तर बरोबर, त्याच्या खाली साइडवॉलवर उतरला तर टायर आडवा पडतोय, दोन पीएसआय वाढव, आणि वर ट्रेडवरच थांबला तर हवा जास्त आहे. पायरोमीटर असेल तर आत, मधे, बाहेर तीन जागी टोचून बघ, मधला जास्त गरम म्हणजे हवा जास्त, बाहेरचा फारच गरम म्हणजे हवा कमी किंवा कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आत झुकाव, कमी. पण खडू आणि स्वतःचं गेज असलं तरी तुझं भागेल. पेट्रोल पंपाच्या मशीनवर भरवसा नको, दोन पंपांवर दोन आकडे दाखवतात.

आणि आता ते २८. दिवसभर तू गरम टायरमधून हवा सोडत ३६ वर ठेवलीस, बरोबर केलंस. संध्याकाळी सामान भरलं, मित्र मागे बसले, निघालात. मधे जेवायला थांबलात, बाहेर ६-७ डिग्री, टायर पूर्ण गार झाला, आता आत २८ च आहे. अशा टायरवर भरलेल्या गाडीने काँक्रीटवर १०० ने तासभर गेलं की साइडवॉल प्रत्येक फेरीला जास्त वाकते, वाकलं की तापते, तापली की आतले थर एकमेकांपासून सुटायला लागतात. एक्सप्रेसवेवर टायर फुटल्याचं ऐकतो ना आपण, त्यात कमी हवा हे मोठं कारण असतं, काँक्रीटला नुसताच दोष दिला जातो. त्यामुळे नियम असा की शेवटचं सेशन झालं की टायर गार होऊ दे, हात लावून कोमट लागला की पंपाने परत भर, गाडी भरलेली असेल तर स्टिकरवर भरलेल्या गाडीचा जो आकडा आहे तो. १२ व्होल्टचा छोटा पंप डिकीत असलाच पाहिजे, मी तर ज्याच्याकडे पंप नाही त्याला ट्रॅकवर हवा सोडूच देत नाही. नायट्रोजनचं विचारतात सगळे, तर नायट्रोजन पण तापला की तितकाच फुगतो, फायदा एवढाच की त्यात ओल नसते, आपल्या पावसाळ्यातल्या कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी असतं आणि त्याने प्रेशर वेडंवाकडं वाढतं. मिळाला तर भर, नाही मिळाला तर कोरडी हवा चालते.

बुद्ध घड्याळाच्या काट्याच्या दिशेने चालतो, ५.१२५ किमी, १६ वळणं, आणि मोठी जोराची वळणं उजवीकडची, म्हणून मार खातो डावा पुढचा. पुढे इंजिन, पुढे ड्राइव्ह, पुढेच ब्रेक, आणि त्यात दहा-अकरा. दिवसाच्या शेवटी त्या टायरच्या बाहेरच्या खांद्यावर बोट फिरव, रबर एका दिशेने पिसासारखं उचललेलं लागेल. दुपारी जेवायच्या वेळी पुढचे-मागचे बदल, असिमेट्रिक टायर असेल तर डावा-उजवा पण बदलता येतो, बाण असलेला असेल तर नाही, हे घेतानाच बघून घे. घरी आलास की अलाइनमेंटला ये. कंपनीच्या सेटिंगमधे कॅम्बर फारसा हलत नाही पण दोन्ही बाजू सारख्या तरी करता येतात, आणि टो, म्हणजे चाकांची तोंडं पुढे आत-बाहेर किती वळलीत ते, मात्र नीट बसवता येतो. लोक म्हणतात निगेटिव्ह कॅम्बरने टायर आतून खातो, कॅम्बरने थोडा खातोच, पण खरा खाणारा टो आहे. टो सरळ असेल तर उणे दीड डिग्रीपर्यंत रोजच्या गाडीला काही होत नाही, आणि ट्रॅकवर तो बाहेरचा खांदा वाचतो.

नवा टायर घेऊन लगेच ट्रॅकवर जायचं नाही, ही पण एक गोष्ट. नव्या टायरचे ट्रेडचे ठोकळे उंच असतात, जोर आला की ते लवतात, लवले की आतून तापतात आणि कडेने तुकडे निघतात. अर्धा झिजलेला तोच टायर कोरड्यात जास्त घट्ट वाटतो आणि कमी खराब होतो. ओल्यात मात्र नवाच चांगला. आपल्याकडे हे गणित फार छान जुळतं, पाऊस जुलै ते सप्टेंबर आणि ट्रॅक डे थंडीत. जूनमधे टायर घे, पहिला पावसाळा पूर्ण खोलीवर काढ, पहिल्या थंडीत ट्रॅकवर ने पण पहिलं सेशन अगदी सांभाळून, नुसतं तापवायचं आणि रात्रभर गार होऊ द्यायचं जमलं तर फारच उत्तम. दुसऱ्या पावसाळ्यात अजून ५ मिमी असेल, चालतं, आणि दुसऱ्या थंडीत तो ट्रॅकवर सगळ्यात मजा देईल. तिसऱ्या पावसाळ्याआधी मोजायचं, ३ च्या आसपास आला असेल तर मोह न ठेवता बदलायचा, ट्रेड दिसतोय म्हणून ओढायचा नाही, कारण ट्रॅकच्या गरमीने उरलेलं रबर कडक झालेलं असतं, नखाने दाबून बघितलं तरी कळतं.

दोन पुढे नवे आणि मागे जुने, हे चालणार नाही. पुढे पकड जास्त आणि मागे कमी म्हणजे ओल्या वळणात पाय उचलला की मागची बाजू पुढे येते, आणि फ्रंट व्हील ड्राइव्हवाल्याला ते सांभाळायची सवय नसते. पैसे कमी असतील तर एक पायरी खालचा टायर घे पण चारही सारखे घे.

दोन सेट कधी, तर वर्षाला पाच-सहा ट्रॅक डे व्हायला लागले आणि तू खरंच लॅप टाइममागे लागलास की. तेव्हा कंपनीच्याच साइजच्या जुन्या १६ इंची रिम शोध, त्यावर २०० वाले चढव, आणि मागची सीट पाडून चारही टायर आत भरून ने. मित्र मग दुसऱ्या गाडीत येतील. तिथे जॅक लावून बदलायचे, आणि बोल्ट टॉर्क रेंचनेच, फोक्सवॅगनचे १२० न्यूटन मीटर, पहिल्या सेशननंतर गार झाल्यावर परत एकदा तपासायचे. हे ज्याला जमतं त्याने सेमी-स्लिक जरूर घ्यावेत, त्यात खरी मजा आहे, माझा विरोध फक्त ते घालून घरी येण्याला आहे.

ब्रेकबद्दल थोडक्यात, जुनं ब्रेक ऑइल घेऊन बुद्धला गेलास तर टायर कितीही चांगला असो, तिसऱ्या लॅपला तिसऱ्या-चौथ्या वळणाच्या आसपास पेडल खाली जाईल. ताजं डॉट ४ आणि बरे पॅड, टायरच्या आधी. पंक्चरचं पण, टायरमधे कुठे दोरीवालं पंक्चर असेल तर तो ट्रॅकवर नेऊ नकोस, आतून मशरूम पॅच लावून घे, आणि खांद्याजवळ किंवा साइडवॉलवर असेल तर तो टायर ट्रॅकसाठी संपला. आणि इन्शुरन्सची पॉलिसी काढून वाच, साध्या पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंगला संरक्षण नसतं, ट्रॅकवर काही झालं तर खर्च तुझाच, हे घरी बाबांना पण आधी सांगून ठेव.

टायर ठरवलास की बिल करायच्या आधी साइडवॉलचा फोटो काढून पाठव, साइज, लोड, तारीख आणि आयएसआय चारही दिसतील असा.